मोटारीसारखे विमान : सामान्य चालकाला ते पेलेल काय?



रेल्वेच्या बंद फाटकापाशी मोटार अर्धा तास खोळंबली की चालकाची दृष्टी सहजच वर जाते. वरचा मार्ग मोकळा असतो. तेथे फाटक नाही, खड्डे नाहीत, समोरून येणाऱ्या मालमोटारींची रांग नाही. अशा वेळी आपल्या मोटारीला पंख असते तर, हा विचार मनात येणे स्वाभाविक होय. आणि तो केवळ कल्पनाविलास म्हणून सोडून देण्याजोगाही नाही. गेली सुमारे शंभर वर्षे या विचारामागे मोठे उद्योगपती, सरकारी खाती आणि अतिशय बुद्धिमान अभियंते लागलेले आहेत. त्यांपैकी काहींनी खरोखरच उडणारी आणि रस्त्यावरून धावणारी यंत्रे बनविली. त्यांना रीतसर प्रमाणपत्रेही मिळाली. तरीही सामान्य गृहस्थाच्या दारात विमान उभे राहिले नाही.

याचे कारण बहुधा यंत्राच्या उणिवांत शोधले जाते. वस्तुतः यंत्र सोपे करण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी १९४० मध्येच सुटला होता. सुटला नाही तो चालकाचा प्रश्न. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेतील आहे, कारण मोटार घरोघरी प्रथम पोहोचली ती तेथे, आणि जे मोटारीचे झाले ते विमानाचेही होईल ही आशाही तेथेच सर्वांत प्रबळ होती. आपल्याकडे १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा उड्डाण ही हौशी आणि सधन माणसांचीच गोष्ट होती. त्या सुमारास अमेरिकेत मात्र गरिबाच्या विमानाची भाषा सुरू झाली होती.

मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने ३० जुलै १९२६ रोजी, आपल्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, एक चिमुकले विमान लोकांपुढे आणले. ते एकाच माणसासाठी होते. वृत्तपत्रांनी त्याला आकाशातील मॉडेल टी म्हटले. हॅरी ब्रुक्स नावाचा फोर्डचा तरुण वैमानिक ते घरून कामावर येण्याजाण्यासाठीही वापरीत असे. फेब्रुवारी १९२८ मध्ये याच जातीचे विमान घेऊन तो डेट्रॉइटजवळून मायामीकडे निघाला. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर इंजिन बंद पडले आणि विमान समुद्रात कोसळले. ब्रुक्सचे शव मिळाले नाही. विमानाच्या अवशेषांत मात्र इंधनाच्या टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र दात कोरण्याच्या काडीने बुजविलेले आढळले. दमट हवेतील पाणी टाकीत शिरू नये म्हणून ती काडी बसविली असावी. परंतु त्यामुळे टाकीत हवा जाईना, आणि हवा नाही म्हणून इंधनही उतरेना. मोटारीच्या बाबतीत असे घडते तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली असती आणि चालकाने चार शिव्या हासडून काडी काढून टाकली असती. फोर्डने तो प्रकल्प पुढे चालविला नाही.

सातशे डॉलरांचे विमान

१९३३ मध्ये अमेरिकी सरकारच्या नागरी विमान खात्याचे प्रमुख यूजीन व्हिडाल यांनी चांगल्या मोटारीच्या किमतीत, म्हणजे ७०० डॉलरांत, मिळेल असे विमान तयार करण्याची कल्पना मांडली. मंदीच्या काळात विमान कारखान्यांना काम मिळावे हाही त्यात हेतू होता. खात्याने सुरक्षित आणि चालविण्यास सोप्या विमानांसाठी स्पर्धा जाहीर केली. ही विमाने किती सोपी आहेत हे दाखविण्यासाठी व्हिडाल यांनी १९३६ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या मुलालाच एका विमानात बसविले आणि मुलगा विमान चालवीत असल्याचे दृश्य वार्तापटांतून देशभर दाखविले गेले. हाच मुलगा पुढे गोर व्हिडाल या नावाने लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. विमानाची किंमत मात्र सातशे डॉलरांवर राहिली नाही. ती तीन हजारांच्या वर गेली.

या खटाटोपातून सर्वांत मोलाची गोष्ट निघाली ती फ्रेड वाइक या अभियंत्याच्या हातून. वाइक सरकारी विमान संशोधन संस्थेत नोकरीस होता. तेथील काही सहकाऱ्यांसह फावल्या वेळात त्याने आपले पहिले विमान बांधले. त्याची विचारसरणी साधी होती. त्या काळी लहान विमानांचे जे प्राणघातक अपघात होत, त्यांतील फार मोठा भाग एकाच प्रकारचा असे. वैमानिक कमी उंचीवर आणि कमी वेगात विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलतो. पंखांवरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते. उचल नाहीशी होते आणि विमान एका पंखावर गिरकी घेत जमिनीवर येते. वाइकने विमानाची शेपटीकडील झडप ठरावीक मर्यादेपलीकडे उचलताच येणार नाही अशी योजना केली. मग गिरकीचा प्रश्नच राहिला नाही. पंखांवरील झडपा आणि शेपटीचे सुकाणू त्याने एकमेकांस जोडून दोन्ही एकाच चक्राच्या स्वाधीन केली. पायांनी दाबावयाची पेडले गेली. उजवीकडे वळावयाचे तर चक्र उजवीकडे फिरवावयाचे, इतकेच काम उरले. पुढे एक आणि मागे दोन अशी चाके बसविल्यामुळे जमिनीवरही ते मोटारीसारखे वळू लागले. हेच ‘एरकूप’ विमान. १९४० मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि ते स्वभावतःच गिरकी घेऊ शकत नाही, अशी नोंद करण्यास अनुमती मिळाली.

यास्तव मोटार चालविणाऱ्या माणसाला चालविता येईल असे विमान बनविता येते काय, हा प्रश्न त्याच वर्षी निकालात निघाला, असे म्हणण्यास हरकत नाही. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ मध्ये हे विमान चक्क मेसी या प्रसिद्ध दुकानातून, कापडचोपड आणि भांड्यांच्या शेजारी, विकावयास ठेवले गेले. १९४६ या एका वर्षात चार हजारांहून अधिक एरकूप विमाने तयार झाली. त्या वर्षी अमेरिकेत सर्व प्रकारची मिळून तीस हजारांहून अधिक लहान विमाने बनली. युद्धातून परतलेला प्रत्येक वैमानिक विमान घेणार आणि त्याच्याकडे पाहून त्याचा शेजारीही घेणार, असा कारखानदारांचा हिशेब होता. दुसऱ्याच वर्षी उत्पादन निम्म्यावर आले आणि १९४८ मध्ये ते सात हजारांच्या आसपास घसरले.

ज्यांनी विमाने घेतली होती त्यांना काय अनुभव आला? विमान घरापासून दूर, विमानतळावर ठेवावे लागे. तेथवर मोटारीने जावे लागे आणि उतरल्यावर पुन्हा दुसरी मोटार शोधावी लागे. शंभर मैलांच्या प्रवासात वाचलेला वेळ असा दोन्ही टोकांना खर्ची पडे. शिवाय ज्या दिवशी जाणे अगत्याचे, नेमक्या त्या दिवशी आभाळ भरून येई. शहाणा मनुष्य त्या दिवशी मोटारीने जाई आणि हळूहळू विमान केवळ रविवारी फेरी मारण्यापुरते उरे. जो शहाणा नसे, तो ढगात शिरे.

ढगात शिरल्यावर

ढगात शिरल्यावर काय होते, हे नीट समजावून घेतल्याशिवाय या विषयाचे मर्म कळणार नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले की एस. टी.चा चालक वेग कमी करतो, दिवे लावतो, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालतो आणि फारच झाले तर गाडी थांबवितो. विमानाला थांबता येत नाही आणि ढगाला पांढरी रेघ नसते. तरीही सामान्य माणसाला वाटते की, गाडी वळते आहे की सरळ जाते आहे एवढे तर डोळे मिटूनही कळेल. नेमके तेच कळत नाही.

कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. शरीर वळू लागले की हा द्रव मागे राहतो, त्यावरून मेंदूला वळण्याची जाणीव होते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले तर काही सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. शाळेतील शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. फिरत्या खुर्चीवर एखाद्या मुलाला डोळे बांधून बसवावे आणि खुर्ची एकाच गतीने सावकाश फिरवीत राहावे. थोड्याच वेळात मुलगा खुर्ची थांबली असे सांगेल. आणि खरोखर थांबविली की ती उलट दिशेने फिरते आहे असे म्हणेल. ढगात सापडलेल्या वैमानिकाचे असेच होते. विमान किंचित एका बाजूला कलते, हलकेच वळू लागते, नाक खाली जाते, वेग वाढतो. वैमानिकाला वाटते की आपण सरळच आहोत, फक्त खाली चाललो आहोत. तो नाक वर ओढतो. विमान कललेले असल्यामुळे या ओढण्याने ते वर न जाता अधिकच आवळलेल्या वळणात सापडते आणि मळसूत्राच्या आकारात खाली येऊ लागते.

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याचा सराव नसलेले वीस वैमानिक घेऊन, बाहेरचे काही दिसणार नाही अशी योजना करून, शेजारी शिक्षक बसवून त्यांना विमान चालविण्यास सांगितले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. ताबा सुटण्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नव्हेत. हे लोक परवानाधारक होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या गोष्टीला श्रीमंती किंवा उत्तम यंत्रही आड येत नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र स्वतःचे विमान चालवीत समुद्रावरून एका बेटाकडे चालले होते. हवा धुरकट होती, खाली काळे पाणी, क्षितिज दिसत नव्हते. विमान सुस्थितीत होते. त्यात स्वयंचलित नियंत्रणाचे साधनही होते. ते समुद्रात कोसळले आणि त्यांच्यासह पत्नी व मेहुणी यांचा अंत झाला. दिशाभ्रमामुळे ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

रस्त्यावरही आणि आकाशातही

विमानतळ ते घर या अंतराची अडचण दूर करण्यासाठी विमानालाच रस्त्यावर चालविण्याचे प्रयत्न झाले. रॉबर्ट फुल्टन याच्या वाहनाला १९५० मध्ये प्रमाणपत्र मिळाले; त्याचे पंख विमानतळावर सोडून उरलेली मोटार गावात न्यावयाची होती. मोल्ट टेलर याने पंख घडी करून मोटारीमागे ओढून नेता येतील अशी ‘एरोकार’ बनविली. तिला १९५६ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. एका मोठ्या कंपनीने पाचशे मागण्या आल्यास उत्पादन करू असे सांगितले. तेवढ्या मागण्या आल्या नाहीत आणि सारी मिळून सहाच वाहने बनली. मोटारीला जो जाड सांगाडा लागतो तो विमानाला जड होतो, आणि विमानाला जे हलके पंख लागतात ते बाजारपेठेच्या गर्दीत एका सायकलीच्या धक्क्यानेही दुखावतात. १९४७ मध्ये सॅन दिएगोजवळ अशा एका वाहनाचे इंधन हवेतच संपले. त्यात मोटारीची एक आणि विमानाची एक अशा दोन टाक्या होत्या. वैमानिकाने मोटारीच्या टाकीचा काटा पाहिला असावा, असे नंतर सांगण्यात आले.

आजही हा प्रयत्न थांबलेला नाही. स्लोव्हाकियात बनलेल्या एका उडत्या मोटारीने जून २०२१ मध्ये नित्रा ते ब्रातिस्लाव्हा हे अंतर ३५ मिनिटांत काटले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रही मिळाले. तथापि ती एका विमानतळावरून उठून दुसऱ्या विमानतळावर उतरली, आणि तिच्या चालकाला वैमानिकाचा परवाना लागतोच.

किमतीचा मुद्दा येथेच उरकता येईल. १९५६ मध्ये निघालेले चार आसनी सेस्ना १७२ विमान त्या वेळी नऊ हजार डॉलरांच्या आत मिळे. आज नव्या विमानाला चार लाखांहून अधिक डॉलर पडतात. थोडी विमाने बनतात म्हणून ती महाग, आणि महाग म्हणून थोडी बनतात, हे चक्र फोर्डच्या मोटारीने भेदले तसे विमानाने भेदले नाही.

छत्री आणि ती उघडणारा हात

अमेरिकेतील लहान विमानांचे प्राणघातक अपघात उड्डाणाच्या दर लाख तासांमागे सुमारे एक या प्रमाणात होतात. तासाला दोनशे किलोमीटर वेग धरला तर ढोबळ हिशेबाने हा प्रवास तेथील मोटारीच्या प्रवासापेक्षा पाचसहा पट धोक्याचा ठरतो. तो धोका कमी करण्यासाठी जे उपाय झाले, त्यांतील एकाची हकीकत विशेष बोधप्रद आहे.

१९९८ मध्ये सिरस या कंपनीच्या लहान विमानाला प्रमाणपत्र मिळाले. त्यात संपूर्ण विमानासाठी पॅराशूट होते. संकट ओढवले की छतावरील मूठ ओढावयाची. अग्निबाणाच्या जोरावर छत्री बाहेर पडते आणि सबंध विमान माणसांसह खाली उतरते. असे विमान हाती असताना मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. पहिल्या दशकात ती फळाला आली नाही. छत्री होती, परंतु वैमानिक ती उघडीत नव्हते. आतापर्यंत विमान आपण सांभाळीत आलो, तर आताही सांभाळू, या भरवशावर ते जमिनीपर्यंत झुंजत राहिले. २०११ च्या सुमारास कंपनी आणि विमानमालकांची संघटना यांनी शिक्षणाची पद्धत बदलली. छत्री हा पराभव नसून पहिला उपाय आहे, हे वैमानिकांकडून घोकून घेतले. त्यानंतर प्राणघातक अपघात स्पष्टपणे घटले. यंत्र तेच होते, छत्री तीच होती. बदलली होती ती हात वर नेण्याची सवय. आजवर या छत्रीने अडीचशेंहून अधिक माणसांचे प्राण वाचविले आहेत.

चालकाला शिकविण्याचा हा मार्ग खात्रीचा आहे, पण तो लांबचा आहे. अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते, आणि पुढे सराव सुटला तर शिकलेले विसरते. महिन्यातून एकदा सासुरवाडीला जाण्यासाठी विमान बाहेर काढणारा मनुष्य हा सराव कोठून राखणार? म्हणून आता दुसरा मार्ग पुढे येत आहे, तो म्हणजे चालकाकडून चालविण्याचे कामच काढून घेण्याचा. २०२० मध्ये एका लहान विमानासाठी अशी यंत्रणा मंजूर झाली की, वैमानिक बेशुद्ध पडल्यास प्रवाशाने एक कळ दाबावी; विमान हवामान, डोंगर व शिल्लक इंधन यांचा विचार करून जवळचा योग्य विमानतळ निवडते, नियंत्रकाला रेडिओवरून कळविते, उतरते आणि धावपट्टीवर थांबून इंजिनही बंद करते. चीनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये वैमानिक नसलेल्या, दोन प्रवाशांच्या विजेवरील वाहनाला मान्यता मिळाली. जमिनीवरून सरळ वर उठणारी ही वाहने पाहून अनेकांना वाटते की आता घरोघरी विमान येणार.

त्यांच्या मार्गात विजेच्या घटाचे वजन आहे. एक किलो विमान इंधनात सुमारे बारा किलोवॅट तास ऊर्जा असते. एक किलो घटात तिचा पन्नासावा भाग जेमतेम मावतो. विजेची मोटर इंधनाच्या इंजिनापेक्षा ऊर्जेचा वापर अधिक चांगला करते हे धरूनही तफावत मोठीच राहते, आणि सरळ वर उठण्यास तर सर्वांत अधिक शक्ती लागते. अमेरिकेत २०२४ पासून विक्रीस आलेले एकट्या माणसाचे असे एक वाहन सुमारे तीस किलोमीटर जाते. त्याला परवाना लागत नाही, कारण तेथील १९८२ च्या नियमाप्रमाणे सुरक्षासाधने वगळता ११५ किलोच्या आतील एकआसनी वाहन हौसेखातर उडविता येते. मात्र त्याच नियमाने ते दाट वस्तीवरून नेण्यास मनाई आहे. म्हणजे रेल्वेफाटकाशी खोळंबलेल्या माणसाला ते उपयोगाचे नाही. जर्मनीतील अशा वाहनांच्या दोन नामांकित कंपन्यांवर २०२४ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली.

चालक नाहीसा झाला तरी खालचा माणूस राहतोच. न्यूयॉर्कमधील पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टरचा तळ होता. १९६५ मध्ये तो सुरू झाला, तीन वर्षांनी बंद पडला आणि १९७७ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू करण्यात आला. १६ मे १९७७ रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा चाकाकडील आधार मोडला आणि पाती फिरत असतानाच ते आडवे झाले. गच्चीवर चार माणसे मृत्यू पावली. पाचवी व्यक्ती होती रस्त्यावरून पायी चाललेली एक स्त्री. तुटलेल्या पात्याचा तुकडा तिच्यावर पडला. त्यानंतर तो तळ कायमचा बंद झाला.

आपल्या राज्यघटनेप्रमाणे विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळ हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. वाहन उडण्यायोग्य आहे की नाही, हे दिल्लीत ठरेल. परंतु ते ज्या जागी उतरावयाचे ती जमीन कोणत्या तरी गावच्या शिवारात किंवा नगराच्या हद्दीत असणार, आणि तिच्या भोवती घरे, शाळा, विजेच्या तारा व दवाखाने असणार. अशा जागेचा प्रस्ताव एखाद्या दिवशी समोर आला तर वाहन किती सुंदर आहे हे पाहण्याआधी ते कोणत्या दिशेने येणार व जाणार, त्या वाटेखाली कोणाची घरे आहेत, ते दिवसातून किती वेळा उतरणार, त्याचा आवाज शाळेच्या वर्गात किती ऐकू येईल, ढग उतरल्यावर ते कोठे थांबविणार आणि आग लागल्यास जवळचा बंब किती मिनिटांत पोहोचेल, हे लेखी विचारून घ्यावे लागेल.